पाठमोरी

"उजवीकडे सरक जरा," ती म्हणाली, आणि दादाचं कपाळ मीटरच्या पेटीच्या उघड्या दारावर आपटलं. आवाज मोठा नव्हता. रिकाम्या डब्यावर कुणी टिचकी मारावी, तेवढाच. मग जिन्याखालच्या त्या अरुंद बोळात सगळं क्षणभर थांबलं. वरून ठिबकणारा नळसुद्धा थांबला असं तिला वाटलं. दादानं हात कपाळाला नेला, बोटं ओली झाली, ती त्यानं अंगठ्यावर चोळून जोखली. रंगाच्या कारखान्यात कापडाच्या छटा जुळवण्यात त्याची उमर गेलेली. बोटाला काहीही लागलं तरी ते असंच चोळून बघायचं, ही सवय डोळे गेल्यावरही राहिली होती. "उजवीकडेच म्हणालीस ना?" त्यानं विचारलं. "हो." "मग बरोबर आहे. मी उजवीकडेच सरकलो." आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. वॉचमन धावत आला, पाणी आणू का, रिक्षा बघू का करत राहिला, आणि मधेच तिच्याकडे वळून म्हणाला, "अहो बाई, तोंडानं उजवीकडे म्हणालात आणि हात केलात डावीकडे. मी बघत होतो ना!" तिनं पाहिलं. तिचा डावा हात अजून हवेत होता, बोट डाव्या बाजूच्या मोकळ्या, निर्धोक भिंतीकडे. हात खरं बोलत होता. पण दादाला हात दिसत नव्हता. हिवाळ्यात काचबिंदूनं त्याची उरलीसुरली नजर नेली, आणि तेव्हापासून तो तिच्या शब्दांवर चालत होता.

दवाखान्यात टाके घालताना ती बाहेरच्या बाकावर बसली आणि मांडीवरचे दोन हात बघत राहिली, जसे दोन अनोळखी प्रवासी शेजारी शेजारी बसलेत. यांतला उजवा कोणता? हसू येईल असा प्रश्न. बालवर्गाच्या बाईंनी स्वतःला विचारावा असा तर मुळीच नाही. पण उत्तर लगेच आलं नाही. आयुष्यभर तिनं हेच तर शिकवलं होतं. चार वर्षांची, पाच वर्षांची पोरं. ज्यांना पुढे-मागे कळत नाही, वर-खाली कळतं पण आत-बाहेरची फसगत होते, ज्यांच्या चपला नेहमी एकमेकींवर रुसलेल्या. त्यांना फळ्यावर बाण काढून डावं-उजवं शिकवता येत नाही. ते अंगात शिरावं लागतं. उडी मारून, गिरकी घेऊन, बाकाखालून सरपटत जाऊन, वर्तुळाच्या आत आणि वर्तुळाच्या बाहेर. ती गाणं म्हणायची आणि मुलं गाण्यातून चालायची.

*उजव्या माझ्या हाता, खिडकीचं ऊन,*
*डाव्या माझ्या हाता, दार उभं ऐकून.*
*पुढं माझी वाट, वाटेला पाय,*
*मागं माझी सावली, सोडून जाते काय?*

आणि मुलांना कळावं म्हणून ती त्यांच्याकडे तोंड करून उभी राहायची. समोरची बाई ज्या बाजूचा हात उचलते त्या बाजूचा हात मुलं उचलतात, आरशात बघावं तशी. म्हणून ती तोंडानं उजवा म्हणायची आणि स्वतःचा डावा वर करायची. मुलांची खिडकी उजवीकडे, तिची डावीकडे. वर्षानुवर्षं 'उजव्या माझ्या हाता' म्हणताना सकाळचं ऊन पडलं ते तिच्या डाव्या दंडावर. तिच्या सगळ्या ब्लाउजांच्या डाव्या बाह्या विटल्या होत्या, किंचित, दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत एवढ्या. दादाला दिसायच्या. "मास्तरीण, तू अर्धीच धुतली जातेस की काय?" तो म्हणायचा, नजर होती तेव्हा. आता त्या बाकावर बसून तिला कळलं, की नुसतं कापड विटलं नव्हतं. त्या उन्हानं तिचा डावा दंड कणाकणानं उजवा करून टाकला होता.

त्यानंतर दादा बाहेर पडला नाही. बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचा, कपाळावरची पट्टी अंगठ्यानं चाचपत. ती म्हणाली, "माझा दंड धर, तसं जाऊ. शब्दच नकोत." तो म्हणाला, "बोचकं धरून नेतात. माणसाला सांगतात." मग जरा वेळानं, जणू हवामानाबद्दल बोलावं तसं, "माईचा फोन आला होता." माई म्हणजे त्यांची मावसबहीण, दुसऱ्या गावी असते, आणि तिथे अशा लोकांचं एक वसतिगृह आहे, तिच्या ओळखीचं. जागा रिकामी झाली होती. तिथे म्हणे खोल्यांतून, ओसऱ्यांतून, बागेतसुद्धा भिंतीभिंतीनं दोर बांधलेत. दोराला हात लावला की कुठेही जाता येतं. "दोर चुकत नाही," दादा म्हणाला. टोमणा नव्हता तो, आणि म्हणूनच आरपार गेला. रविवारी दुपारी माई पुन्हा फोन करणार होती, हो की नाही ते विचारायला. "आणि तू काय सांगणार?" "बघू." दादाचं 'बघू' तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ते हो असायचं.

भांडी घासताना, कणीक मळताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं स्वतःला पकडायला सुरुवात केली. कपाट उजवीकडे, म्हणायचं, आणि बघायचं हात कुठे जातो. हात डावीकडे जायचा. झटकून परत आणायचा. मग पुढच्या वेळी हात बरोबर जायचा आणि शब्दच उलटा यायचा. हे असं बोलत-बोलत करण्याजोगं नव्हतंच. मुलांना जे बोलून कळत नाही ते तिला तरी कसं कळावं? आणि मग, ओल्या चादरीचं टोक दातात धरून ती गच्चीवर उभी असताना, अंगणातली ती जुनी संध्याकाळ तिच्या टाळूवर येऊन बसली. आठवली असं नाही, टाळूवरच बसली. ती असेल पाचेक वर्षांची. आई शिकवायची, लिहायचा हात तो उजवा. दादा डावखुरा. त्यानं शाळेत लिहायचा हात तो उजवा म्हणून कवायतीत सगळ्या रांगेच्या उलट तोंड केलं आणि मास्तरांनी त्याला उन्हात वेगळं उभं केलं, पोरं 'उलट्या, उलट्या' करून नाचली. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं धाकट्या बहिणीला अंगणात उभं केलं. "तुला कुणी हसायचं नाही," म्हणाला. पण समोर नाही उभा राहिला तो. मागे उभा राहिला. दोन्ही हात तिच्या खांद्यांवर, हनुवटी तिच्या टाळूवर. दोघांची तोंडं एकाच दिशेला, फाटकाकडे. "उजवीकडे," तो म्हणायचा, आणि शब्द वरून तिच्या डोक्यात उतरायचा, केसांतून, मानेतून, आणि दोघं मिळून वळायची, एकच प्राणी असल्यासारखी. त्याचं उजवं ते तिचं उजवं. मधे आरसा नव्हता. चादरीचं टोक तिच्या तोंडातून सुटलं आणि वाऱ्यानं फडफडून तिच्या तोंडावर बसलं. तिला ज्यानं शिकवलं तो मागे उभा होता. आणि ती स्वतः मात्र जन्मभर समोर उभी राहून शिकवत आली. कारण एवढ्याशा पोरांना चेहरा लागतो, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्यांचे चेहरे लागायचे.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती मुलांपुढे गेली आणि पाठ करून उभी राहिली. भिंतीकडे तोंड. मागे एकदम चिडीचूप. मग कुणीतरी म्हणालं, "बाई रुसल्या!" आणि वर्ग फुटला. "बाई, तुमचं तोंड कुठे गेलं?" "बाई, मी पण रुसू?" जिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती सरळ कधी चालतच नसे, ती गिरकी घेत पुढे आली आणि बाईंचा चेहरा जागेवर आहे याची खात्री करून परत गेली. "आहे, आहे," तिनं सगळ्यांना सांगितलं. "मी आज तुमच्यातली," ती भिंतीला म्हणाली. "मी सगळ्यात पुढची मुलगी. माझ्यासारखं करायचं." तिनं गाणं सुरू केलं आणि पहिल्याच ओळीला सूर हलला. ऊन उजव्या दंडावर होतं. इतकी वर्षं त्या हाताला त्या खोलीत कधी ऊन लागलं नव्हतं. कातडी दचकली, परक्या माणसानं हात ठेवल्यासारखी. 'डाव्या माझ्या हाता' म्हणताना तर तिचा उजवा हात निमूटपणे वर गेला. मागची निम्मी मुलं शब्दावर गेली, निम्मी तिच्या हातावर, आणि त्यांतल्या दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. रडारड झाली. ती वळली, दोघांना मांडीवर घेतलं, फुंकर घातली, आणि त्या दोन ओल्या चेहऱ्यांकडे बघताना तिला स्पष्ट दिसलं की परत तोंड करून उभं राहणं किती सोपं आहे. सगळं लगेच बरोबर येईल. मुलंही शहाणी, तीही शहाणी. फक्त दादा जाईल.

मोठ्या बाई मधल्या सुटीत आल्या. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत, आकारानंही आणि अधिकारानंही. "हे काय नवीन काढलंय? मुलांकडे पाठ? उद्या पालक विचारतील, काय सांगू, आमच्या बाईंना तुमची पोरं बघवत नाहीत?" ती हसली नाही. "समोर उभं राहून मी त्यांना माझी नक्कल शिकवते, मोठ्या बाई. दिशा नाही. मी सुटीवर गेले की यांचं उजवं माझ्याबरोबर सुटीवर जातं." "आणि डोकी फुटली तर?" "फुंकर घालीन. हा आठवडा द्या मला." मोठ्या बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. वीसेक वर्षांत या बाईनं मागून काही घेतल्याचं त्यांना आठवत नसावं. "सोमवारी मी बघायला येते," त्या म्हणाल्या, "आणि तुमचं तोंड मला दिसेल असं उभं राहा, माझ्यापुरतं तरी."

पाठमोरं उभं राहिलं की मुलं दिसत नाहीत, ऐकू येतात. हे तिला माहीत असायला हवं होतं, पण माहीत नव्हतं. बुधवारपर्यंत तिला पावलं ओळखू यायला लागली. भिंगरीचं पाऊल टेकतच नाही, घासतं. खिडकीजवळच्या गुबऱ्या मुलाचं पाऊल उशिरा पडतं, सगळ्यांचं झाल्यावर, विचार करून. एक जण चुकीच्या बाजूला जातो आणि मग उडी मारून हळूच परत येतो, कुणी बघितलं नाही या समजुतीनं. त्या उडीचा आवाज चोरट्या मांजरासारखा. भिंतीचा पोपडा नाकासमोर, ऊन उजव्या दंडावर, आणि मागे वीस-पंचवीस जोड पावलांचा हा पाऊस. दादा दिवसभर असाच असतो, तिला वाटलं. बाल्कनीत. सगळं मागे असल्यासारखं. कोण आलं, कोण गेलं, कोण गालात हसलं, हे फक्त फरशीवरून समजून घ्यायचं. आणि तरीही तो म्हणत होता, मला सांगा, ओढू नका. डोळे मिटून तिनं एक ओळ म्हटली आणि त्या ओळीवर ती स्वतः चालली, मुलांच्या पुढे, डोळे मिटलेली. गुडघा बाकाला लागला. "बाई आऊट!" मागून आरोळी आली. "आऊट नाही," ती म्हणाली, "इथे कुणी आऊट होत नाही. परत."

घरी दादा ऐकत असायचा. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पुटपुटत फिरायची, "डावीकडे पाण्याचा माठ, उजवीकडे खिडकी, वळा, आता डावीकडे खिडकी," आणि बाल्कनीतून त्याचा आवाज आला, "मास्तरीण, शिकवणी चाललीय का?" "हो." "कोण आहे?" "मीच." "शिकतेय का ती?" "ढ आहे रे. फार ढ." तो हसला, कपाळावरची पट्टी ताणली गेली असावी, कारण हसू मधेच कळवळून थांबलं. "इकडे आण तिला," तो म्हणाला. "उभी कर माझ्यापुढे. पाठ माझ्याकडे." तिनं मधल्या खोलीत जाऊन तसं केलं. तो खुर्ची आत ओढून तिच्या मागे बसला. "चाल. उजवीकडे." ती डावीकडे गेली. टेबलाचा कोपरा मांडीला लागला. "टेबल," दादा म्हणाला, समाधानानं. "टेबलाचा आवाज मला कळतो. परत ये. उजवीकडे." तिनं ओठ चावले. शब्द ऐकायचा आणि लगेच निघायचं नाही, शब्द अंगात उतरेपर्यंत उभं राहायचं, गुबऱ्या मुलासारखं. ती उजवीकडे वळली. "हं." "डावीकडे." वळली. "मागे." "पुढे." "डावीकडे." "अरे, जरा दम!" "दम काय घेतेस, कवायत आहे ही." ती चुकली की तो जिभेनं चक् करायचा, आणि त्या चक्‌नं तिला इतका राग यायचा, इतका ताजा, लहानपणचा राग, की थकवा कुठल्या कुठे जायचा. दिवेलागण झाली तरी दोघं थांबली नाहीत. शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या, "काय हो, भोंडला-बिंडला आहे की काय?" आणि काय ते न कळून परत गेल्या.

शनिवारी ती चुकत होती, पण कमी. तिनं त्याच्या खुर्चीसमोर नाही, खुर्चीशेजारी उभं राहून सांगितलं, "उद्या सकाळी बाहेर. माईच्या फोनच्या आधी. कोपऱ्यापर्यंत." दादाचा अंगठा पट्टीवर. "मी शब्दांनीच नेणार," ती म्हणाली, "हात लावणार नाही." "आणि चुकलीस?" "चुकेन कदाचित." हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. चुकणार नाही असं म्हणाली असती तर तो नाहीच म्हणाला असता, हे तिला त्याच्या मानेवरून कळलं. मग तो म्हणाला, "प्रत्येक शब्द दोनदा बोलायचा. पहिल्या शब्दावर मी नुसता पाय उचलीन. दुसऱ्यावर टेकवीन. मधल्या वेळात तुझं तू बघ." "म्हणजे माझ्या पहिल्या शब्दावर तुझा भरवसा नाही." "नाही," दादा म्हणाला. "दुसऱ्यावर ठेवतोय. घ्यायचा तर घे." तिनं घेतला. रागानं घेतला, पण घेतला.

सकाळी मीटरच्या पेटीचं दार वॉचमननं बंद करून सुतळीनं बांधून ठेवलं होतं. तरी तिथं पोचताच दोघं थबकली. "डावीकडे," ती म्हणाली. त्याचा पाय वर गेला. तिनं स्वतःला आतून चाचपलं. "डावीकडे." पाय टेकला. मोकळी भिंत. बाहेर रस्त्यावर नळासाठी चर खणलेला होता आणि मातीचे ढीग, फळ्या, एक उलटं पडलेलं घमेलं. ती त्याच्या शेजारून, अर्धं पाऊल मागून चालत होती, तोंड त्याच्याच दिशेला. "सरळ. सरळ." "उजवीकडे. उजवीकडे." दादा एका पायावर थांबलेल्या बगळ्यासारखा दिसत होता आणि सायकलवरून जाणारी पोरं मान वळवून बघत होती. चराच्या तोंडाशी आल्यावर ती म्हणाली, "उजवीकडे," आणि त्याचा पाय उचलला गेला, आणि तिला दिसलं की उजवीकडे चर आहे. "नाही! डावीकडे. डावीकडे." पाय हवेत डगमगला, वळला, फळीवर टेकला. "बघ," दादा म्हणाला. एवढंच. परत फिरावं, असं तिच्या पायांना वाटलं; पायांना, तिला नाही. कोपरा अजून लांब होता. "सरळ," ती म्हणाली, दात आवळून. "सरळ."

चर संपला. झाडांची सावली आली, मग गेली. ती चुकीचं काही बोलली नाही, पण प्रत्येक शब्दाआधी छातीत एक लहानशी वीट रचली जात होती आणि प्रत्येक शब्दानंतर ती काढून टाकावी लागत होती. मग कुठेतरी, कुठे ते तिलाही सांगता येणार नाही, विटा थांबल्या. उजवीकडे म्हणजे उजवीकडेच होतं. तिथे किराण्याचं दुकान होतं, तिथे एक मांजर बसलं होतं, तिथे जग होतं तसंच होतं. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता, भोंगा वाजवत, आणि एक माणूस दोन्ही हातांनी त्याला या, या करत होता. गडगडाटानं रस्ता हलत होता. टँकर फुटपाथच्या कडेला, त्यांच्या अंगावरच येत होता. "डावीकडे!" ती ओरडली. आणि दुसऱ्यांदा ओरडायला श्वास घेतला, पण तो श्वास वापरायला मिळाला नाही, कारण दादा डावीकडे गेला होता. एका शब्दावर. पाय उचलून वाट न बघता, लांब, सरळ पावलं टाकत, तो डाव्या बाजूच्या दुसऱ्या एका दुकानाच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. टँकर भोंगा वाजवत मागे गेला. डावीकडे म्हणजे डावीकडेच.

ती त्याच्याजवळ गेली. दादाचा श्वास फुलला होता आणि त्यानं पायरीचा दगड हातानं चाचपला, असल्याची खात्री करून घेतली. "दुसरा शब्द आला नाही तुझा," तो म्हणाला. "वेळच नव्हता." "हं." मग त्यानं मान जरा तिरपी केली, रस्त्याकडे, गडगडाट विरत चालला होता तिकडे. "माईला मीच फोन करतो घरी जाऊन. सांगतो, तुमचे दोर दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं." तिनं पदरानं घाम पुसला. "पण चक् करायचं मी सोडणार नाही," तो म्हणाला. "नको सोडूस." "पुढे काय आहे?" "कोपरा. इथपर्यंतच यायचं होतं आपल्याला." "ते कळलं. कोपऱ्याच्या पुढे काय आहे?"

ती वळली आणि त्याच्या शेजारी, दिसत असतं तर त्यानं ज्या दिशेला बघितलं असतं त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. एक कान दिसत होता, तिच्या बाजूला वळलेला, उन्हात तांबूस, आणि ती काय सांगते याची तो वाट बघत होता. तिनं रस्ता नीट पाहिला, एकदाच, आणि सांगायला लागली.